पलीकडून आलेला चुकीचा ठेका

या मित्रांनो, जवळ या. असे दाराशी घुटमळू नका. माझा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. ती चटई ओढून घ्या आणि दाटीवाटीने बसा. तुम्हाला एका दुपारची गोष्ट सांगतो. गोष्ट हरण्याची आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी माझ्यावर रुसायला नको. पण उठून जाताना हात रिकामे राहणार नाहीत, एवढा शब्द देतो.

मी एक जुना ढोल आहे. नागुरा बंदराच्या वरच्या अळीत एक म्हातारा कारागीर राहत असे, त्याने मला घडवले. देवदाराच्या फळ्या जोडून त्याने माझे अंग केले, वेळूच्या कड्यांनी ते बांधले, दोन्ही तोंडांवर गाईचे कातडे ताणले आणि दोरीने आवळले. रोज सकाळी तो माझ्यावर एक थाप मारायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "अजून कुरकुरतोय." मग पुन्हा दोरी आवळायचा. अखेर एका सकाळी त्याने थाप मारली आणि काही न बोलता हात जोडले. तोच माझा जन्मदिवस समजा.

माझी पहिली वर्षे समुद्रदेवाच्या देवळात गेली. होड्या मासेमारीला निघाल्या की मी वाजायचा, परतल्या की वाजायचा. बंदराने आपला बेसबॉलचा संघ उभा केला तेव्हा गावातली मंडळी पुजाऱ्यांकडे आली आणि म्हणाली, "महाराज, आरोळ्या ठोकायला माणसं आहेत, पण ताल धरायला काही नाही." संघाचे नाव कामोमे. आमच्या बोलीत ते समुद्रावरच्या कुरव पक्ष्याचे नाव. पुजाऱ्यांनी माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "न्या. मैदानातही माणसं हातच जोडतात. फक्त रात्री दवात ठेवू नका याला."

अशी माझी रवानगी मैदानाच्या उजव्या अंगाला, आमच्या लोकांच्या पायऱ्यांवर झाली. तिथे मी आयुष्य काढले.

मित्रांनो, आमच्याकडे बेसबॉल नुसता पाहत नाहीत, तो गातात. प्रत्येक फलंदाजाचे स्वतःचे गाणे असते, चार-पाच ओळींचे. तो बॅट घेऊन उभा राहिला की गाणे सुरू होते, आणि तो बाद होईपर्यंत किंवा धावत सुटेपर्यंत तेच गाणे पुन्हा पुन्हा म्हणतात. तो जितका टिकेल तितके गाणे टिकते. आमचे फलंदाज खेळत असताना आम्ही गायचे आणि डाव्या अंगाच्या पाहुण्यांनी ऐकायचे. त्यांची पाळी आली की आम्ही गप्प. ही रीत कोणी मोडत नाही. हजारो कंठ एका माणसाचे नाव एका दमात घेतात, तेव्हा त्या नावाला काय धार येते म्हणून सांगू! देवळातही मी नाव घेतलेले ऐकले होते. मला दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.

मला वाजवायची इसोगाई मित्सुए. वाळवणाच्या आवारात ती बांगड्यासारखे मासे चिरून उन्हात घालायची. तिच्या हातांना माशांचा वास असे आणि माझ्या काठ्यांनाही तो लागला होता. बाई उंचीला बेताची, पण मनगट असे की पहिल्या थापेला पुढच्या ओळीतल्या माणसाच्या पेल्यातली बीअर हिंदकळायची. माणूस देवभोळे. रोज पहाटे समुद्रदेवापुढे हात जोडून उभी राही आणि मोठ्याने बोले. मागणे मनात मागायचे असते हे तिला पटतच नसे.

त्या वर्षी उन्हाळाभर आमचा संघ हरत होता. हरायची सवय होते असे लोक म्हणतात. मी इतकी वर्षे त्या पायऱ्यांवर होतो, मला तरी सवय झालेला एकही माणूस दिसला नाही. पहिल्या आठवड्यात लोक संघावर चिडतात. मग पंचांवर चिडतात, मग वाऱ्यावर, मग शेजारी बसलेल्या माणसाच्या टोपीवर. "तू ती टोपी घालून येतोस तेव्हाच हरतो आपण!" यावरून एकदा खरीखुरी मारामारी झाली. आवारात मित्सुए रेडिओ लावून मासे चिरायची, आणि सुरी कशी आपटते आहे यावरून शेजारणी निकाल ओळखायच्या. तिने नवसाने चहा सोडला होता. संघ जिंकेपर्यंत चहाचा थेंब घ्यायचा नाही, नुसते गरम पाणी प्यायचे. आमच्याकडे असा नवस पूर्वापार बोलतात. पण बंदरावरच्या बाईने चहा सोडायचा म्हणजे काय, ते तिच्या घरच्यांना विचारा.

"देवा," ती पहाटे म्हणे, "मासे कमी दिलेस तरी चालतील. पण एक धाव दे रे. एक. मी काय कठड्यापार फटक्यांची माळ मागत नाही."

आमच्या ओळीत गेन्झो आजोबा बसत. ते जुने नावाडी, आता निवृत्त. कानाला लावायचा छोटा रेडिओ आणि भाजलेल्या स्क्विडची, म्हणजे माकुळाची, पुडी घेऊन येत आणि सगळ्यांना टोचून बोलत. मित्सुएला म्हणत, "चहा सोडून काही होत नाही गं. आता संघच सोड. देव म्हणेल, बरं झालं, सुटली बिचारी."

"आजोबा, तुम्ही गप्प बसा. तुमचं तोंड उघडलं की आपला एक माणूस बाद होतो."

"मग बोळा घालतो तोंडात," असे म्हणून ते स्क्विड चघळत.

तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिसऱ्या कोपऱ्यावर, खेळायचा मिनागावा दाइगो. तो नागुराचाच, याच बंदरावर लहानाचा मोठा झालेला. तो संघात आला तेव्हा त्याचे गाणे मित्सुएने बांधले होते. शब्द साधेच होते:

लाट आली, लाट आली,
नागुराची लाट आली,
वल्हव बॅट, वल्हव बॅट,
दाइगो!
चेंडू जाऊ दे पल्याडी.

पण मित्रांनो, ठेका साधा नव्हता. दाइगोला एक खोड होती. प्रत्येक चेंडूआधी तो रेघेबाहेर पाऊल टाकायचा, बॅटच्या टोकाकडे बघायचा आणि एक लांब श्वास घ्यायचा. मित्सुएने तो श्वास गाण्यात घेतला. तिसऱ्या ओळीनंतर एक मात्रा तिने रिकामी सोडली. तिथे मी वाजायचे नाही, कोणी टाळी द्यायची नाही. त्या रिकाम्या जागेत सगळी उजवी बाजू एका तोंडाने ओरडायची, "दाइगो!" नुसते त्याचे नाव, खाली ठेका नाही. वाजण्यापेक्षा ते थांबणे मला अवघड जाई. मित्सुएची काठी कातड्यापासून वीतभर उंचीवर अडायची आणि मी श्वास रोखून धरायचो.

आता त्या शुक्रवारचे ऐका. शेवटचा डाव चालला होता आणि आम्ही एका धावेने पुढे होतो. पाहुण्यांचे दोन गडी बाद झाले होते, तिसरा झाला की आम्ही जिंकलो. त्यांची दोन माणसे बेसवर होती. त्यांच्या फलंदाजाने चेंडू सरळ वर उडवला. अगदी सोपा झेल. दाइगो धावला, "माझा! माझा!" असे ओरडला, बाकीचे बाजूला सरकले. चेंडू उतरला, हातमोज्याच्या कडेला लागला आणि खाली पडला. त्यांची दोन्ही माणसे धावत शेवटच्या कोपऱ्यावर, म्हणजे घरी, पोचली; दोन धावा झाल्या आणि सामना आमच्या हातचा गेला.

पायऱ्यांवर एकाच वेळी सगळे बोलू लागले.

"अरे, भोक पडलंय का मोज्याला?"

"घरी जाऊन सुपाने झेलायला शीक!"

मित्सुएने काठ्या माझ्या अंगावर आपटल्या. थाप नव्हे, मार होता तो. गालांवरून पाणी वाहत होते आणि ती उभी राहून ओरडली, "बस झालं! उद्यापासून याचं गाणं बंद! मी वाजवणार नाही. येऊ दे एकट्याला बॅट घेऊन. कळू दे त्याला, गप्प म्हणजे काय असतं ते!"

बाई रागात बोलली. तिथले प्रत्येक माणूस त्या क्षणी काहीतरी बोलत होते, आणि रात्री विसरणार होते. पण गाणाऱ्या मंडळाचे प्रमुख उराबे-सान शेजारीच उभे होते; सान म्हणजे आमच्याकडचे राव किंवा ताई. सायकलदुरुस्तीचे दुकान चालवणारा, सरळ वागणारा, एकदा ठरले की ठरले असा माणूस. उन्हाळाभर त्यांनी सगळ्यांची समजूत काढली होती आणि आता त्यांच्याकडची समजूत संपली होती.

"ऐकलंत सगळ्यांनी?" ते म्हणाले. "जिचं गाणं, तिनंच बंद केलं. रविवारी दाइगोला गाणं नाही. उजव्या बाजूनं एक शब्द निघता कामा नये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्सुएनेही वाजवल्या.

शनिवारी तिचा राग उतरला. मी तेव्हा उराबे-सानच्या दुकानातच असायचो, छताला टांगलेल्या चाकांखाली. ती आली आणि दारातच उभी राहिली.

"उराबे-सान, काल मी तोंडाला येईल ते बोलले. सोडून द्या."

"सगळ्यांच्याच तोंडाला तेच आलं होतं, मित्सुए-सान."

"पण पेपरात आलंय. गेन्झो आजोबांनी वाचून दाखवलं. उद्याची शेवटची संधी म्हणे. चालला नाही तर त्याला खालच्या संघात पाठवणार. या वयात तिकडे गेलेला कधी परत आलाय का?"

उराबे-सान हातातल्या चाकाला पंप मारत राहिले. मान वर न करता म्हणाले, "सगळ्यांना निरोप गेलाय. फलक रंगवून झालाय. आता मी मागं फिरलो तर मंडळाला कोण विचारील? आणि हे पहा, रागावू नका, पण ढोल मंडळाचा आहे. ठरल्याविरुद्ध वाजवणाऱ्यानं काठ्या खाली ठेवायच्या, हा नियम तुमच्या माझ्या आधीपासूनचा आहे."

"माहीत आहे मला नियम," मित्सुए म्हणाली. तिने माझ्या कातड्यावर तळवा ठेवला, काढला आणि निघून गेली.

रविवार उजाडला. कडक ऊन, समुद्राकडून वारा, पायऱ्या भरलेल्या. पुढच्या कठड्यावर पांढऱ्या कापडावर काळ्या अक्षरांत लिहिले होते: दाइगो, आज गाणे नाही. डाव्या अंगाला पाहुणे बसले होते, उत्तरेकडच्या डोंगरातल्या संघाचे लोक, सगळे निळ्या सदऱ्यांत. आमच्या नेहमीच्या ओळखीचे, म्हणजे तोंडे न पाहता आवाजावरून ओळखीचे. त्यांच्या ढोलवाल्याला मी वर्षानुवर्षे ऐकत होतो. हात जरा जड होता त्याचा, पण माणूस मनापासून वाजवायचा.

आमच्या बाकीच्या फलंदाजांसाठी आम्ही गायलो. मग दाइगो आला, आणि उजवी बाजू बंद झाली.

मित्रांनो, मला गप्प राहण्याची भीती नाही; कोपऱ्यात पडून राहणे मला माहीत आहे. पण ती शांतता तशी नव्हती. हजारो माणसे तोंड मिटून एका माणसाकडे बघत होती. शेगडीवर स्क्विड चुरचुरत होते तेही ऐकू येत होते. दाइगोने रेघेबाहेर पाऊल टाकले, बॅटच्या टोकाकडे पाहिले, श्वास घेतला. मग मान वळवून आमच्याकडे पाहिले. फलक वाचला. पुन्हा रेघेत गेला. तीन चेंडू झाले आणि तिन्हींवर बॅटसुद्धा न हलवता तो बाद होऊन परतला.

"बघा, कळलं त्याला," मागून कोणीतरी म्हणाले. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

दुसऱ्या वेळी दाइगोने जमिनीलगत एक मारला, तो सरळ त्यांच्या माणसाच्या हातात गेला आणि दाइगो पहिल्या बेसवर पोचायच्या आत बाद झाला. मित्सुए काठ्या मांडीवर ठेवून बसली होती. घामाने त्या ओल्या झाल्या होत्या. ती पुसत होती, पुन्हा ओल्या होत होत्या.

"पाणी पी गं," गेन्झो आजोबा हळूच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नव्हता.

शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेने मागे होतो. आमचे दोन गडी बाद, एक माणूस दुसऱ्या बेसवर. चांगला फटका बसला तर बरोबरी, लांब बसला तर विजय. प्रशिक्षक दुसरा कोणी पाठवतील असे सगळ्यांना वाटले. पण बॅट घेऊन बाहेर आला दाइगो.

उराबे-सान वळून लोकांकडे पाहत उभे राहिले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

पहिला चेंडू. दाइगो चुकला. दुसरा चेंडू. पुन्हा चुकला. आता एक चूक, की संपले. त्याने रेघेबाहेर पाऊल टाकले आणि तो बॅटकडे बघत राहिला. फार वेळ. त्याला आत जावेसेच वाटत नसावे.

तेवढ्यात डाव्या बाजूने आवाज आला. ढम.

त्यांची पाळी नव्हती. रीत मोडून कोणीतरी वाजवले होते. पुन्हा, ढम, ढम. आणि मी ओळखले. लाट आली, लाट आली. दाइगोचे गाणे! निळ्या सदऱ्यांतला तो जड हाताचा माणूस आमच्या माणसाचे गाणे वाजवत होता. इतकी वर्षे समोर बसून ऐकलेले, तेवढ्यावरच.

आमच्या पायऱ्यांवर एकच गलका उठला.

"चिडवतायत आपल्याला!" उराबे-सान लाल झाले. "आमच्या घरचं भांडण बघून हसतायत!"

कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी टोपी भिरकावली. पण गेन्झो आजोबांनी कानाचा रेडिओ काढला आणि हात वर केला. "थांबा रे. चिडवणारा माणूस इतका जपून वाजवत नाही."

ते खरे होते. ढोलाला ढोलाची थाप कळते. त्या थापेत चेष्टा नव्हती. गाणे नसलेला माणूस त्याला बघवला नव्हता, एवढेच. आधी तो एकटाच होता. मग त्याच्या शेजारची माणसे गाऊ लागली, चाचपडत, शब्द चुकवत. "वल्हव बॅट"चे त्यांनी "हलव बॅट" केले होते. डोंगरातली माणसे, त्यांना वल्हे काय माहीत!

हलव बॅट, हलव बॅट, ढम! चेंडू जाऊ दे...

मित्सुए ताडकन उठली.

"अरे, तिथे नाही!"

तो रिकामी मात्रा भरून टाकत होता. त्याला ती ठाऊकच नव्हती. आमच्या हजारोंच्या आरोळीखाली ढोल थांबतो, हे त्याला पलीकडून कधी कळले नसेल. जिथे दाइगोचे नाव यायचे तिथे तो जीव लावून थाप मारत होता, आणि त्या थापेमागून त्याचे लोक नाव सोडून थेट पुढची ओळ म्हणत होते. सगळे गाणे होते, फक्त त्यात दाइगो नव्हता.

"तिथे नाही वाजवायचं! अहो, तिथे त्याचं नाव आहे!" मैदानापलीकडे तिचा आवाज कुठला पोचायला! गाणे फिरून आले, पुन्हा तीच चूक. हलव बॅट, हलव बॅट, ढम! मित्सुएने कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! पुन्हा तेच!"

तिने काठ्या उचलल्या. उराबे-सान पुढे आले.

"मित्सुए-सान. ठरलंय आपलं."

"ठरलं ते राहू द्या बाजूला. ठेका चुकतोय तिकडे."

"वाजवलंत तर काठ्या ठेवाव्या लागतील."

"ठेवीन. आधी हे सरळ करते."

आणि तिने मला वाजवले.

सुरुवातीला फार वाईट वाजलो आम्ही. त्याचा आवाज मैदान ओलांडून येईपर्यंत मागे पडत होता, आमचा त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत उशीर होत होता. दोन ढोल एकमेकांच्या पायांत पाय घालून अडखळत होते. मग तो थांबला. मला जाणवले की तो ऐकतो आहे. मित्सुएने गाणे पहिल्यापासून धरले, सावकाश, शिकवावे तसे. तिसऱ्या ओळीला तो अलगद सोबत आला. वल्हव बॅट, वल्हव बॅट. मित्सुएची काठी वीतभर उंचीवर अडली.

पलीकडेही काठी अडली.

त्या रिकाम्या जागेत कोणी काही बोलले नाही. मग आमच्या ओळीतून एक फाटका, म्हातारा आवाज उठला. "दाइगो!" गेन्झो आजोबा रडत होते की ओरडत होते, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या फेरीला उजव्या बाजूने उराबे-सानकडे पाहिले नाही. मुले, बाया, टोपीवरून मारामारी केलेले ते दोघे, सगळे एका तोंडाने ओरडले, "दाइगो!" आणि डाव्या बाजूने क्षणभर उशिरा, वाऱ्यावरून तेच नाव परत आले. माझी सगळी वेळूची कडी थरथरली. देवळात होड्या वादळातून परत आल्या त्या दिवशी मी असा वाजलो होतो, एरवी कधी नाही.

दाइगोने श्वास घेतला आणि तो रेघेत गेला.

चेंडू आला, त्याने तो कसाबसा रेघेबाहेर तटवला. दोन चुका झालेल्या माणसाने असा तटवला तर तो बाद होत नाही. पुन्हा चेंडू, पुन्हा गाणे. परत तटवला. परत. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कपाळ पुसू लागला. मित्सुएच्या बोटांच्या सांध्यांवरचे कातडे सोलवटले होते, माझ्यावर लाल ठिपके उमटत होते. ती थांबेना. तो टिकतोय तोवर गाणे टिकणार होते. किंवा गाणे टिकतेय तोवर तो. मला तेव्हा उलटसुलट काही कळत नव्हते.

मग त्याने मारला.

आवाजावरूनच सगळे उठले. चेंडू उंच, आमच्याच दिशेने येत होता. त्यांचा खेळाडू पाठमोरा धावत कठड्याला येऊन टेकला. मला त्याची पाठ आणि वर उचललेला मोजा दिसत होता. समुद्राकडचा वारा समोरून आला. चेंडू हवेत क्षणभर तसाच राहिला, उतरला, आणि खेळाडूने कठड्यावर पाठ घासत उडी मारून तो मोज्यात धरला.

आम्ही हरलो.

कोणी शिवी दिली नाही. लोक उभेच होते. खाली खेळाडूंनी रांगेत उभे राहून रोजच्यासारखे वाकून नमस्कार केला. दाइगो इतरांपेक्षा जास्त वेळ वाकून राहिला. मित्सुएने कपाळ पुसले, उराबे-सानसमोर गेली आणि दोन्ही काठ्या त्यांच्या हातात दिल्या.

त्यांना त्या धरवेनात. "अहो, मित्सुए-सान... आज राहू द्या हो."

"ठरलेलं ठरलेलं. नियम मोडायला सोपा असता तर मी शनिवारीच मोडला असता." मग ती म्हणाली, "चांगले वाजवा. हात सैल ठेवा."

दाइगोला त्याच आठवड्यात खालच्या संघात पाठवले. तो परत आला नाही. त्याचे गाणे आमच्या मैदानावर त्यानंतर कधी वाजले नाही. ते शेवटचेच होते, आणि तेही होता होता राहिले असते. मित्सुए पुढेही येत राहिली, पण तिकीट काढून, लोकांत बसून. हरलो की पूर्वीसारखीच चिडायची. उराबे-सानच्या हातात मला पूर्वीची गोडी आली नाही, तरी ते बिचारे घरी सराव करायचे.

माझेही दिवस फिरले. नवे, चकचकीत ढोल आले. एका सामन्यानंतर मला पायऱ्यांवर विसरले, पावसात माझे एक तोंड फाटले. कोणी शिवले, नीट शिवले नाही. शेवटी पुजाऱ्यांच्या नातवाने मला ओळखले आणि परत इथे देवळात आणून ठेवले. तुमच्याकडे असे एखादे वाद्य असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसत जा, मित्रांनो. कधीतरी एक थाप मारा. तेवढे पुरते आम्हाला.

आणि आता शेवटचे मागणे. मित्सुएची आठवण बंदरावर अजून काढतात, तिची मला चिंता नाही. त्या दिवशी निघताना ती मैदानापलीकडे तोंड करून कमरेत वाकली होती. दूर, निळ्या गर्दीत, एक माणूस आपल्या ढोलावर हात ठेवून तसाच वाकला. तेवढेच दिसले. त्याचे नाव मला कळले नाही. त्याचे तोंडही मी पाहिले नाही. नेमका ठेका आमच्याजवळ होता आणि आम्ही तो दाबून ठेवला होता. त्याच्याजवळ चुकीचा होता, तो त्याने देऊन टाकला. आपले माणूस हरत असेल आणि तुम्ही रागाने तोंड मिटून बसला असाल, तेव्हा त्याची आठवण काढा. नाव नाही म्हणून अडू नका. निळ्या सदऱ्यातला, जड हाताचा, एवढे म्हटले तरी चालेल.